रिक्षात राहिलेली पिशवी

पिशवी रिक्षात राहिली आणि ती श्रीधरपंतच विसरले, याबद्दल पुढे कधी कोणी वाद घातला नाही. खुद्द श्रीधरपंतांनीही नाही. एरवी वादात ते हार जाणारे नव्हेत. नारायण पेठेत त्यांचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाने 'सचिव'ची वेलांटी दीर्घ काढून आणली, तर शिक्का राहायचा बाजूला, आधी शिकवणी व्हायची. पण त्या सकाळी दवाखान्याच्या दारात, बायकोचा दंड धरून उभं असताना, वळणावर दिसेनाशी होणारी रिक्षा बघून त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अरेच्चा."

"काय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही. चल तू आत."

ती पिशवी त्यांनी सीटच्या मागच्या खोबणीत स्वतःच्या हाताने कोंबली होती. मंदाला ऐसपैस बसता यावं, हा उदात्त हेतू. उदात्त हेतूने ठेवलेल्या वस्तू माणूस हमखास विसरतो. पिशवीत दोन गाऊन होते, टॉवेल होता, जुन्या सुती साडीच्या घड्या होत्या, आणि शुद्धीवर आल्यावर तोंड गोड व्हावं म्हणून डब्यात केळं घातलेला शिरा होता. शिरा मंदाकिनीबाईंनीच पहाटे उठून केला होता. स्वतःच्या ऑपरेशनचा शिरा स्वतः करून नेणारी बाई म्हटल्यावर वेगळं वर्णन करायला नको. पण थोडं करायलाच हवं.

मंदाकिनीबाई ब्लाउज शिवत. दुकानाच्या वरच राहतं घर आणि रस्त्याकडच्या खिडकीत त्यांचं मशीन. पेठेतल्या निम्म्या बायकांच्या पाठीची मापं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्या कुणाचंही मन राखत नसत. "काकू, मी जाड झाले का हो?" असं कोणी विचारलं की म्हणत, "तुम्ही नाही, ब्लाउज आटलाय." तरी गिऱ्हाईक तुटत नसे. बाईंच्या हाताखालून गेलेला खांदा कधी उतरला नाही, हे दुखावलेल्यांनाही ठाऊक होतं.

ह्या बाईंना कित्येक वर्षं पाळीचा त्रास होता. 'त्रास' हा शब्द त्यांचा नव्हे. त्यांचा शब्द 'जरा जास्त जातंय'. त्या 'जरा'त काय काय मावतं, हे श्रीधरपंतांना कळायला फार उशीर लागला. घरातल्या फिक्या साड्या एकेक करून बोहारणीकडे गेल्या आणि त्यांच्या जागी करवंदी, चॉकलेटी, काळ्या आल्या, तेव्हा त्यांना वाटलं, वयाप्रमाणे आवड बदलते. बाई कुणाकडे गेल्यावर सोफ्यावर बसेनाशा झाल्या, तेव्हा वाटलं, पाठ धरली असेल. मशीनपुढच्या स्टुलावर उशीखाली प्लास्टिकचा कागद आला, तेव्हा काहीच वाटलं नाही. आणि कापडावर खुणा करायचे खडू पेटीतून भराभर संपायला लागले, तेव्हा त्यांनी उंदराचा सापळा आणला.

उंदीर सापडला नाही. एका दुपारी अवेळी वर आले, तर मंदाकिनीबाई खिडकीत बसून खडू खात होत्या. बिस्किट खावं तसा, सावकाश, बाहेर बघत.

"अगं, हे काय करतेस?"

"खावासा वाटतो," त्या म्हणाल्या आणि उरलेला तुकडाही तोंडात टाकला.

रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग पेशंटकडे, मग पुन्हा कागदाकडे. एवढ्याशा रक्तावर ही बाई दवाखान्याचा जिना चढली कशी, तेच त्यांना कळेना. "फार अंगावर काढलंत," त्या म्हणाल्या. मराठीत ही एक सोय आहे. अंगावरून जातं आणि बायका ते अंगावर काढतात. मंदाकिनीबाईंच्या आईनेही असंच अंगावर काढलं होतं, आणि काढता काढता एका सकाळी ती उठलीच नाही. हे बाई कुणाजवळ बोलत नसत. फक्त त्या सकाळपासून घरात बेसनाचे लाडू कधी केले नव्हते. आईने आदल्या दिवशी बेसन भाजून ठेवलं होतं.

गोळ्या झाल्या, सुया झाल्या, आतला तुकडा काढून तपासून झाला. तो चांगला निघाला. मग डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. पिशवी काढायची नाही. पिशवीत एक फुगा घालायचा, त्यात कढत पाणी भरायचं आणि आतलं अस्तर तेवढं जाळायचं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. हे ऐकताना श्रीधरपंतांच्या पोटात नसलेली पिशवीसुद्धा आवळली. मंदाकिनीबाईंनी मात्र मान डोलावली. "म्हणजे ब्लाउज तोच, अस्तर तेवढं काढायचं," त्या म्हणाल्या.

तारीख लगेच मिळाली, कारण पितृपंधरवडा सुरू होता, आणि त्या पंधरवड्यात पेठेतला माणूस अगदीच जीवावर आल्याशिवाय दाढसुद्धा काढून घेत नाही. श्रीधरपंतांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, नीरजावहिनी, खराडीला मुलाकडे राहत. त्यांनी तिथून फोन केला. "भावजी, गच्चीगच्चीवर कावळे बसलेत आणि तुम्ही बायकोला टेबलावर झोपवताय? काही लाजलज्जा?"

फोन मंदाकिनीबाईंनी घेतला. पाळीला जुन्या बायका 'कावळा शिवला' म्हणतात. "वहिनी," त्या म्हणाल्या, "मला दर महिन्याला कावळा शिवतोय. आता घरचाच झालाय तो."

बोलल्या खऱ्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि समोरच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याला उगाचच हात दाखवून उडवून पाहिलं. तो उडाला नाही.

तर असा तो दिवस. बाईंना आत नेऊन बराच वेळ झाला, आणि मग आतून नर्सबाई आल्या.

"पेशंटची पिशवी कुठंय?"

श्रीधरपंत ताडकन उभे राहिले. "अहो, ती नव्हती काढायची! अस्तर फक्त—"

"कपड्यांची पिशवी, काका."

"ती… रिक्षात गेली."

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. खराडीहून वहिनी. आता इथे जे झालं ते नीट पाहून ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. श्रीधरपंतांच्या उजव्या कानाला वहिनी होत्या आणि डाव्या कानाशी नर्सबाई.

"झालं का भावजी?"

"झालं हो. पण पिशवी गेली."

"अगंबाई! काढली?"

"काढली नाही, राहिली. आत राहिली, मागे—"

"घरी गेल्यावर पाणी जाईल, लालसर," डावीकडून नर्सबाई सांगत होत्या. "बरेच दिवस जाईल. पोटात कळा येतील, त्या आज-उद्या थांबतील. घाबरायचं नाही."

"घाबरायचं नाही," श्रीधरपंत वहिनींना म्हणाले.

"पण ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, वास आला, तर लगेच आणायचं. थांबायचं नाही. कळलं ना?"

"भावजी, मुळीच काळजी करू नका, माझीही काढलीच आहे. मी सगळ्यांना कळवते."

"कळलं, कळलं," श्रीधरपंत दोघींना मिळून म्हणाले, आणि ती रिक्षा कुठे दिसते का बघायला रस्त्याकडे धावले.

शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. आयुष्यभर ते काम केलेल्या माणसाने निदान उलटं तरी लक्षात ठेवावं. श्रीधरपंतांच्या डोक्यात अर्धंच उमटलं: घाबरायचं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मंदाकिनीबाईंनी गुंगीतच विचारलं, "अहो, नर्सबाई काय म्हणाल्या?"

"पाणी जाईल म्हणाल्या. घाबरायचं नाही."

"अजून?"

"अजून… काही नाही."

बाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी जन्मात कधी कापड कापलं नव्हतं. ह्या वेळी कापलं.

सुरुवातीचे दिवस छान गेले. कळा थांबल्या. बाई उठून बसल्या, वरणभात जेवल्या, उशी पाठीशी घेऊन काजं-बटणं करायला लागल्या. दरम्यान वहिनींनी कळवायचं तिथे कळवलं होतं, आणि पेठेत बातमी पोचली ती 'मंदाची पिशवी काढली' अशी. श्रीधरपंतांनी एकदा दुरुस्ती करून पाहिली. वरच्या मजल्यावरच्या वासंतीबाईंना ते जिन्यात म्हणाले, "काढली नाही हो, जाळली." निवृत्त मुख्याध्यापिका असूनही वासंतीबाईंच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली. तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला.

"सांगा ना त्यांना नीट," ते बायकोला म्हणाले.

"काढली काय नि जाळली काय, चहा दोन्हीला लागतोच," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आणि मग पिशवी काढलेल्या बायका भेटायला येऊ लागल्या. आपल्या ओळखीत ह्या बायका इतक्या आहेत, हे श्रीधरपंतांना ठाऊकच नव्हतं. एखाद्या गुप्त मंडळाच्या सभासदांसारख्या त्या एकेक करून जिना चढल्या, आणि एरवी भाजीच्या भावापलीकडे न बोलणाऱ्या बायका दार लोटून घेऊन बोलू लागल्या. श्रीधरपंत आतल्या खोलीत कपबशा विसळत ऐकत.

"मी तर महिनाभर नुसती रडायचे," वहिनी सांगत होत्या. "दुःख कसलं नाही, हो. फोडणीत जिरं जास्त पडलं, रडले. हे म्हणाले, जिरं काढून टाकू. मी म्हटलं, आता काढायचं काही शिल्लक ठेवलंय का?"

"मला भट्टी लागल्यासारखं व्हायचं," वासंतीबाई म्हणाल्या. "फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभी राहायचे. मिस्टरांना वाटायचं, बर्फी चोरते. पण मंदाताई, सुख एवढंच, की मोतिया रंगाची साडी नेसून तीन तासांचं नाटक एका जागी बसून पाहिलं. उठल्यावर मागे वळून खुर्चीकडे बघायची सवय मात्र अजून गेली नाही. नजर आपोआप फिरते. आता काही नसतं, तरी फिरते."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मी पण फिक्या रंगाची एक घेणार आहे." आतल्या खोलीत श्रीधरपंतांच्या हातातली बशी पुसायची राहून गेली.

पण नंतर बाईंचं जेवण कमी झालं. उन्हं असताना त्या शाल घेऊन बसायला लागल्या. काजं अर्धवट राहिली. कोणी बघत नाहीसं पाहून त्या ओटीपोटावर तळहात दाबून धरत आणि ओठ आत घेत.

"कणकण वाटते," त्या म्हणाल्या.

"येतेच," वहिनी म्हणाल्या. "मला आली होती."

"दुखतंही जरा."

"दुखणारच. आतली जागा रिकामी झाली ना! ती भरून यायला वेळ लागतो."

"त्या उकिडवेकाकूंना नाही का, अस्साच ताप यायचा?" वासंतीबाईंना आठवलं.

"मग?" आतून श्रीधरपंतांनी विचारलं.

वासंतीबाईंनी बशीत चहा ओतला. "फार चांगल्या होत्या हो स्वभावाने," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चहा संपवला.

पिशवी काढलेल्या बाईच्या अनुभवाला पिशवी काढलेल्या दुसऱ्या बाईच्या अनुभवाची साक्ष होती. चुकत होतं एवढंच, की ह्या बाईची पिशवी जागेवर होती, आणि तिच्यात काहीतरी शिजत होतं.

मग न्हाणीघरात वास यायला लागला.

गोडसर, जड, पाणी साचल्यासारखा. श्रीधरपंतांनी आधी मोरीची जाळी काढून पाहिली. मग माळ्यावर चढून उंदीर मेलाय का ते बघितलं, कारण खडूच्या प्रकरणापासून उंदरावर त्यांचा डोळा होताच. शेवटी दुकानातून येताना त्यांनी फिनेलचा मोठा डबा आणला आणि काटकसर न करता ओतला. वास दबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्यांनी पुन्हा ओतलं. मंदाकिनीबाई भिंतीला धरून न्हाणीघरातून बाहेर येत, आणि त्या आल्या की श्रीधरपंत लगबगीने आत जाऊन डबा उपडा करीत. घराला सरकारी कचेरीच्या जिन्यासारखा वास येऊ लागला. "आता कसं स्वच्छ वाटतं!" ते म्हणत. बाईंनी बोलणंच कमी केलं होतं. कुणी टोमणा मारायला जागा दिली तरी त्या ती रिकामी सोडत, आणि ह्याचं मात्र श्रीधरपंतांना भय वाटायला लागलं होतं.

कावळा टाकीवरून आता खिडकीच्या गजावर येऊन बसत होता. मशीन बंद पडलेलं पाहून तो धीट झाला होता. चाकाकडे बघायचा, मग मान वाकडी करून पलंगाकडे. श्रीधरपंत वर्तमानपत्राची घडी फेकत. तो पुढच्या गजावर जाऊन बसे.

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी त्यांनी दुकान उघडलं आणि नुसतेच बसून राहिले. वर मंदा अंथरुणातच होती. चहा नको म्हणाली होती. मशीनवर धूळ बसली होती, आणि त्यांच्या संसारात त्या मशीनवर धूळ कधी बसली नव्हती.

दुकानापुढे एक रिक्षा थांबली. खाकी शर्टातला, पिकल्या मिशांचा रिक्षावाला उतरला. त्याने हात लांब धरून एक पिशवी आणली होती. ब्लाउजांच्या उरलेल्या अस्तरांचे तुकडे जोडून शिवलेली, रंगीबेरंगी. पेठेत तशी पिशवी एकच होती.

"वळखलं का मालक? सोनबा. वाघोलीचा. त्या दिशी तुमास्नी दवाखान्यात सोडलं नव्हं?"

"अहो, ही कुठे होती इतके दिवस?"

"शीटमागंच व्हती की! मला काय ठावं? मागं कोन बघतंय? गाडी इतके दिस उभीच व्हती, आज सकाळच्याला बसलो तर ही घान! आत डबा हाय तुमचा, पार नासलाय. वास आला म्हनून लगीच आलो. म्हटलं, थांबायचं न्हाई, आधी हे पोचवायचं."

श्रीधरपंतांनी पिशवी घेतली. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"काय झालं मालक?"

"काय म्हणालात तुम्ही?"

"म्हटलं, वास आला म्हनून लगीच—"

डावा कान. दवाखान्याच्या मार्गिकेतला पिवळा दिवा, नर्सबाईंच्या हातातला मुडपलेला मास्क, आणि उजवीकडून वहिनी बोलत असताना डावीकडून आलेलं, इतके दिवस कुठल्याशा खोबणीत पडून राहिलेलं वाक्य आख्खंच्या आख्खं बाहेर आलं. ताप आला. दुखणं वाढलं. वास आला, तर लगेच आणायचं. थांबायचं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "जाऊ नका. इथेच थांबा."

जिना ते कसे चढले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. वर खोलीत फिनेलचा दर्प भरला होता. मंदाकिनीबाई दोन रजयांखाली हुडहुडत होत्या. चेहरा खुणेच्या खडूसारखा पांढरा, आणि डोळे खिडकीकडे.

"त्याला हाकला," त्या म्हणाल्या. "आत आलाय तो. माझ्या पायाशी बसलाय."

खिडकी बंद होती. खोलीत कावळा नव्हता. श्रीधरपंतांनी तरी पायथ्याशी दोनदा हात हलवला, म्हणाले, "गेला हं, गेला," आणि बायकोला रजईसकट उचललं. ती त्यांना फार हलकी लागली. इतकी, की त्यांना लग्नातल्या फोटोतली मंदा आठवली आणि त्यांनी ती आठवण घाईने बाजूला सारली. असल्या वेळी जुनं काही आठवू नये म्हणतात.

सोनबाने वाटेत एकही प्रश्न विचारला नाही. मागे बघायचा आरसा मात्र त्याने वर वळवून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम हळू होता. रागावल्या असत्या तर बरं, असं श्रीधरपंतांना वाटलं. "आत जंतुसंसर्ग झालाय. अंगात रक्त आधीच कमी. सांगितलं होतं ना, लगेच आणा म्हणून? अजून एक दिवस थांबला असतात तर…" ते वाक्य तसंच मार्गिकेत उघडं पडून राहिलं, आणि श्रीधरपंत त्याच्यासमोर बाकावर बसून राहिले.

सलाईनमधून औषधं चढत राहिली. ताप उतरे आणि पुन्हा चढे. वहिनी खराडीहून आल्या आणि प्रथमच कुठलाही अनुभव न सांगता बसल्या. वासंतीबाई देवापुढे काय बोलल्या कोण जाणे. त्यांनी फक्त श्रीधरपंतांचा डबा आणून दिला. पंधरवडा संपून घरोघरी घट बसले, तरी ते त्या बाकावरच होते. मंदाची आई कुठल्या वयात गेली, याचा हिशेब मनात येऊ लागला की ते उठून पाणी पीत. त्या दिवसांत ते बरंच पाणी प्यायले.

मग एका सकाळी ते आत गेले, तर मंदाकिनीबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि सलाईन तपासायला वाकलेल्या नर्सबाईंच्या पाठीकडे रोखून बघत होत्या.

"खांदा उतरलाय तुमचा," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "कोणी शिवलाय हा?"

श्रीधरपंत दाराशीच थांबले. नर्सबाई गेल्यावर ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. कपाटाच्या दांडीला ती रंगीबेरंगी पिशवी लटकत होती; वासंतीबाईंनी दोनदा उकळून धुतली होती.

"मंदा," ते म्हणाले, "तुला कळत होतं ना गं काहीतरी बिनसलंय ते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मापं तुम्ही घेऊन आला होतात."

श्रीधरपंतांनी तिच्या हातावरची चिकटपट्टी उगाच दाबून बसवली, पांघरुणाची कड सारखी केली. त्यांना काहीतरी मोठं, शिक्का मारल्यासारखं ठाम बोलायचं होतं, पण जमेना.

"इथून पुढे," ते म्हणाले, "पुन्हा कधी अशी वेळ आलीच, तर मी नेमकं काय करू ते तूच सांगून ठेव. मी अक्षरशः तसंच करीन."

मंदाकिनीबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मलाच रिक्षात विसरा; वास आला की तो माणूस लगेच आणून पोचवतो."